पोराबाळांसकट नेदरलँड्स: कधी यायचं, कुठं राहायचं, काय बघायचं आणि काय सरळ सोडून द्यायचं

मार्च उजाडला की माझा फोन वाजायला लागतो. "ताई, आम्ही मे मध्ये येतोय, दहा दिवस, पॅरिस स्वित्झर्लंड आणि तुमच्याकडे दोन दिवस, पोरं चार आणि नऊ वर्षांची, काय काय बघून होईल?" माझं उत्तर दरवेळी एकच, दोन दिवसात ॲमस्टरडॅमचा एक कालवा आणि एक हॉटेलची लिफ्ट बघून होईल. पोरं बरोबर असतील तर या देशाला निदान पाच-सहा दिवस द्या, कारण इथली खरी मजा अशी की देश एवढासा आहे, एका गावात मुक्काम ठोकून रोज सकाळी ट्रेनने कुठंतरी जायचं आणि रात्री जेवायला परत यायचं, बॅगा रोज उचलायच्या नाहीत. मी ॲमस्टरडॅमला लागूनच असलेल्या ॲमस्टेलव्हेनला राहते, बहीण, नणंद, नवऱ्याचे दोन मित्र असे सगळे आपापली पोरं घेऊन येऊन गेले, त्यात जे चाललं आणि जे फसलं ते क्रमाने लिहून टाकते, म्हणजे पुढच्या मार्चमध्ये नुसती लिंक पाठवता येईल.

पहिलं काम, तारीख

आपल्या शाळांच्या परीक्षा एप्रिलच्या मध्यापर्यंत संपतात आणि ट्युलिपची क्यूकेनहोफ बाग मार्चच्या मध्यापासून मेच्या मध्यापर्यंत, जेमतेम आठ आठवडे उघडी असते. म्हणजे एप्रिलचा शेवटचा पंधरवडा हा आपल्यासाठी बरोब्बर. वर २७ एप्रिलला राजाचा वाढदिवस असतो (२७ ला रविवार आला तर २६ ला), त्याबद्दल खाली लिहिलंय. तोटा एवढाच की इथल्या शाळांनाही त्याच सुमारास मे महिन्याची छोटी सुट्टी लागते, त्यामुळे सगळीकडे गर्दी. जून-जुलैला हवा छान असते पण रात्री दहापर्यंत उजेड, आणि उजेड आहे तोवर पोरं झोपत नाहीत, हे मी लिहून देते. जाड पडद्यांची खोली बघा. डिसेंबरात उलटं, साडेचारला अंधार.

व्हिसा शेंगेनचा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून एकच. अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो, तर उगाच एप्रिल उजाडायची वाट बघू नका. प्रवास विमा किमान ३०,००० युरोचा लागतो, सहा वर्षांखालच्या पोरांना फी नाही आणि १२ वर्षांखालच्यांचे बोटांचे ठसे घेत नाहीत. पोरांच्या अर्जावर आई-बाबा दोघांच्या सह्या लागतात, एकजण टूरवर असला की तिथंच गाडी अडते.

दुसरं, राहायचं कुठं

ॲमस्टरडॅमच्या मध्यात राहू नका. महाग, खोल्या छोट्या, आणि जिने असे उभे की रायगडाची आठवण यावी. त्यापेक्षा उट्रेख्त, हार्लेम किंवा हेग. उट्रेख्त देशाच्या मधोमध आहे, तिथून सगळीकडे ट्रेन. चार माणसांची एक खोली हॉटेलात सहज मिळत नाही, बुकिंग करताना पोरांची वयं नीट टाका, "बघू तिथं गेल्यावर" हे इथं चालत नाही. आमचे एक ओळखीचे दोघांच्या खोलीत चौघं जाऊन उभे राहिले, रात्री अकरा वाजता दुसरी खोली दुप्पट पैशांत घ्यावी लागली.

अजून एक पर्याय जो आपल्या लोकांना माहीतच नसतो, तो म्हणजे सुट्टीची पार्कं. जंगलात छोटे बंगले, स्वतःचं किचन, मध्यभागी काचेच्या छताखाली भलामोठा गरम पाण्याचा स्विमिंग पूल आणि घसरगुंड्या. सेंटर पार्क्स हे त्यातलं प्रसिद्ध नाव, सुरुवात १९६८ साली नेदरलँड्समध्येच झाली. सोमवार ते शुक्रवार किंवा वीकेंड असं बुकिंग असतं. कुकरभर वरणभात लावता येतो, बाहेर पाऊस पडला तरी पोरं पाण्यात. आजी-आजोबा बरोबर असतील तर याच्यासारखं सुख नाही, फक्त बरीचशी पार्कं स्टेशनपासून लांब असतात, गाडी भाड्याने घ्यावी लागते.

तिसरं, ट्रेन-ट्राम समजून घ्या

स्किपहोल विमानतळाच्या खालीच रेल्वे स्टेशन आहे, टॅक्सीच्या फंदात पडू नका. (पोरांना सांगा की आपण आत्ता समुद्राच्या पातळीच्या तीन-चार मीटर खाली उभे आहोत, पुढचा अर्धा तास प्रश्न येत राहतील आणि सामान ओढायचं विसरतील.) तिकिटाऐवजी तुमचं टॅप करायचं डेबिट किंवा क्रेडिट कार्डच मशीनला लावायचं, चढताना एकदा आणि उतरताना एकदा. भारतातून निघण्याआधी बँकेच्या ॲपमध्ये परदेशी टॅप चालू करून घ्या. दोन गोष्टी लक्षात ठेवा. एका कार्डावर एकच माणूस, नवरा-बायकोला दोन वेगळी कार्डं लागतात. आणि आत जाताना ज्याने टॅप केलं त्यानेच बाहेर, म्हणजे फोनने आत गेलात तर फोननेच बाहेर, प्लास्टिक कार्ड लावलंत तर मशीनला वाटतं नवीन माणूस आला. छोट्या स्टेशनांवर गेट नसतं, नुसता खांब असतो, तिथं पोरांच्या गडबडीत हमखास टॅप करायचं राहतं आणि भुर्दंड बसतो.

चार वर्षांखालची पोरं फुकट. चार ते अकरा वर्षांच्या पोरांसाठी रेल्वेचं रेलरनर नावाचं दिवसभराचं तिकीट मिळतं, कित्येक वर्षं अडीच युरोच होतं, चालू दर ॲपवर बघून घ्या. दिवसभर कितीही ट्रेन. बस-ट्रामला मात्र ते चालत नाही. रस्ता शोधायला ९२९२ नावाचं ॲप टाका, ट्रेन बस ट्राम बोट सगळं एकत्र दाखवतं.

आणि हे आधी शिकवा, बाकी सगळं नंतर: लाल रंगाचा पट्टा म्हणजे सायकलींचा रस्ता. तिथं पाय ठेवायचा नाही, फोटोसाठी तर अजिबात नाही. सायकली आवाज न करता येतात, वेगात येतात आणि थांबत नाहीत. माझा भाचा पहिल्याच दिवशी मधे गेला, एका आजींनी घंटी वाजवून जे काही सुनावलं ते डच न येताही आम्हाला शब्दशः कळलं.

चौथं, एफ्टेलिंग, आणि इथं जरा वेळ घेते

एकच मोठं तिकीट काढायचं असेल तर एफ्टेलिंग या राइड आणि परीकथांच्या पार्कचं काढा. ब्राबांत प्रांतात काट्सहेव्हेल नावाच्या गावात आहे, १९५२ साली सुरू झालं, म्हणजे अमेरिकेतल्या त्या उंदराच्या पार्कच्याही तीन वर्षं आधी. सुरुवात झाली ती परीकथांच्या जंगलापासून, आंतोन पीक नावाच्या चित्रकाराने काढलेल्या चित्रांवरून ते उभं केलं आणि आजही ते पार्कचं काळीज आहे. खरीखुरी जुनी झाडं, मधून वाट, वळणावर कुठं झोपलेली राजकन्या, कुठं लांब मानेचा माणूस जो मान वर-खाली करतो, कुठं सोन्याची नाणी टाकणारं गाढव. गाढव नाणी कुठून टाकतं हे सांगायची गरज नाही, चार वर्षांच्या पोरासाठी तो दिवसभराचा विनोद असतो.

आणि होले बोले खाइस! हा एक गलेलठ्ठ माणूस आहे, तोंड उघडून बसलेला, सारखा ओरडतो "पापीर हीर", म्हणजे कागद इकडे आणा. तोंडाशी कागद धरला की खस्सकन आत ओढून घेतो आणि थँक्यू म्हणतो. कचऱ्याचा डबाच तो, पण माझ्या भाच्याने त्या दिवशी अनोळखी लोकांच्या बाकाखालचे कागद उचलून आणले. घरी स्वतःचा टॉवेल उचलत नाही.

आपल्याला गंमत वाटेल अशा दोन जागा. एक उडता फकीर, तो सतरंजीवर बसून एका मनोऱ्यातून दुसऱ्या मनोऱ्यात जातो आणि ट्युलिप फुलवतो. दुसरी भारतीय कमळांची, १९६६ सालची, गोष्ट बेल्जियमच्या राणी फाबिओलाने लिहिलेली. आत गुहेसारखी जागा, परी नाचतात, बेडूक वाजवतात. त्यातला "भारत" बघून आपल्याला हसू येतं, पण पोरं तोंड उघडून बघतात, तर तुम्ही गप्प बसा.

आता डावपेच. तिकीट ऑनलाइन तारखेसकट काढा, चार वर्षांखाली फुकट. वर्षाचे ३६५ दिवस उघडं असतं, म्हणजे दिवस निवडायला मोकळीक आहे, शनिवार-रविवार टाळा. जायला टिलबुर्ग किंवा डेन बॉशपर्यंत ट्रेन आणि पुढं बस. पार्कचं ॲप टाका, कुठल्या राइडला किती मिनिटं रांग ते दिसतं. सगळे लोक गेटमधून शिरले की मोठ्या राइडकडे पळतात, तुम्हीही तेच करा, परीजंगल दुपारी, कारण तिथं रांग नसतेच. घरी पोरांची उंची मोजून ठेवा, दारात रडारड नको: पायथॉन या रोलरकोस्टरला १२० सेंटीमीटर लागतात, बॅरनला १३२. बॅरन १८९८ ही खाणीत सरळ खाली पडते, मी एकदा बसले, परत नाही. द्रोमफ्लुख्त मात्र सगळ्यांनी मिळून करायची, परीराज्यातून पाळण्यात बसून जायचं, आजीसुद्धा खूश. सिंबोलिका तशीच. पार्क बंद व्हायच्या वेळी तळ्यावर आक्वानुरा नावाचा कारंज्यांचा शो होतो, तो बघितल्याशिवाय निघू नका, फक्त शेवटची बस कधी आहे ते आधी बघून ठेवा.

पाचवं, बाकीचे दिवस

हेगचा दिवस. सेंट्रल स्टेशनवरून ९ नंबरची ट्राम घ्या, आधी माडुरोडाम, मग तीच ट्राम पुढं स्खेव्हेनिंगेनच्या समुद्रावर जाते. माडुरोडाम म्हणजे सगळा देश पंचविसाव्या हिश्श्यात, विमानतळ, धरणं, चर्च, धावणाऱ्या ट्रेन, सगळं पोरांच्या गुडघ्याएवढं. हेसुद्धा १९५२ चंच. नाव पडलं जॉर्ज माडुरो या तरुणावरून, कुरसाव बेटावरून शिकायला आलेला, नाझींविरुद्ध लढला आणि १९४५ मध्ये डाखाउच्या छळछावणीत वारला, त्याच्या आई-वडिलांनी मुलाचं स्मारक म्हणून यासाठी पैसे दिले. मोठ्या पोरांना हे सांगा, मग तो खेळण्यातला देश वेगळा दिसतो. दोन-तीन तास पुरतात. समुद्रावर वारा फार, पाणी जुलैतही गार, आपली पोरं घोट्यापर्यंत जाऊन किंचाळत परत येतात. धक्क्यावर मोठा पाळणा आहे.

जेवण हेगमध्येच करा आणि सुरिनामी दुकान शोधा. १८७३ पासून बिहार-यूपीकडची माणसं डच मळ्यांवर राबायला सुरिनामला नेली गेली, त्यांची पुढची पिढी सुरिनाम स्वतंत्र व्हायच्या सुमारास, १९७५ च्या आसपास, इकडे आली आणि हेगमध्ये मोठ्या संख्येने वसली. त्यांच्याकडे रोटी मिळते, आत बटाटा आणि चवळीच्या लांब शेंगांची भाजी, आणि बारा म्हणजे उडदाचा वडाच, मधे भोक असलेला. पाच दिवस ब्रेड-चीज खाल्लेल्या आजोबांच्या चेहऱ्यावर जे येतं ते बघण्यासारखं असतं. शाकाहारी हवं असेल तर अंडंही नको हे वेगळं सांगा, भाजीच्या रोटीतही उकडलेलं अंडं ठेवतात.

क्यूकेनहोफचा दिवस. लिसे गावात, ३२ हेक्टर, दरवर्षी ७० लाखांच्या आसपास कंद लावतात. तिकीट वेळ ठरवून ऑनलाइन घ्यायचं, स्किपहोलवरून बस जाते. सकाळी पहिली वेळ घ्या, अकरानंतर टूरच्या बसेस येतात आणि मग फुलांपेक्षा सेल्फी स्टिकच जास्त. आई-बाबांची पिढी इथं येऊन अमिताभ-रेखाचं ते गाणं म्हणतेच, ते शूटिंग इथलंच. पोरांना फुलांचं कौतुक वीस मिनिटं, नंतर त्यांना थेट प्राण्यांच्या कोपऱ्यात आणि झुडपांच्या भूलभुलैयात सोडा. आणि बागेबाहेरच्या शेतांत फोटोसाठी शिरू नका, ते शेतकऱ्याचं पीक आहे, तुमच्या द्राक्षबागेत कोणी असं शिरलं तर चालेल का?

उट्रेख्तचा दिवस पोरांच्या वयावर. दोन ते सहा वर्षांचं पिल्लू असेल तर नाइन्त्ये म्युझियम, पांढरा ससा, आपल्याकडे मिफी म्हणून माहीत असलेला, डिक ब्रुनाने १९५५ साली काढलेला. ठराविक वेळेचं तिकीट आधी काढा. सहाच्या वर असेल तर ते सोडा आणि रेल्वे म्युझियम गाठा, जुन्या मालीबान स्टेशनातच आहे, खरी वाफेची इंजिनं, ज्या पोराला ट्रेनचं वेड आहे ते तिथून बाहेर निघत नाही, निम्मा दिवस धरूनच चला.

ॲमस्टरडॅमला एक दिवस पुरे. कालव्यातली तासाभराची काचेची बोट पोरांना पंधराव्या मिनिटाला कंटाळवाणी होते हा माझा अनुभव, त्यापेक्षा सेंट्रल स्टेशनच्या मागून सुटणारी फेरीबोट घ्या, पलीकडे नेते, पूर्ण फुकट, सायकलवाल्यांसोबत उभं राहायचं, वारा खायचा, तसंच परत यायचं. भाचीने तीनदा केलं. मग नेमो हे विज्ञान म्युझियम, रेन्झो पियानोने बांधलेली ती हिरवी जहाजासारखी इमारत, सगळ्याला हात लावायचा, साबणाच्या फुग्यात उभं राहायचं. वर उतरतं गच्चीवजा छप्पर आहे. जवळच सागरी म्युझियमला लागून जुन्या डच ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजाची हुबेहूब प्रतिकृती. मी वेंगुर्ल्याची, आमच्या गावात याच कंपनीची वखार होती, आज नुसत्या भिंती उरल्यात आणि लहानपणी आम्ही तिथं लपाछपी खेळायचो, तेव्हा त्या जहाजावर चढताना मला जरा वेगळंच होतं. नवरा म्हणतो दरवेळी तेच सांगतेस.

रिक्सम्युझियम आणि व्हॅन गॉख म्युझियम १८ वर्षांखालच्यांना फुकट, पण वेळ बुक करावीच लागते. ॲन फ्रँक, म्हणजे नाझींपासून लपून डायरी लिहिणारी ज्यू मुलगी, तिचं घर बघायचं असेल तर तिकिटं फक्त ऑनलाइन, दर मंगळवारी पुढच्या सहा आठवड्यांनंतरची सुटतात आणि पटकन संपतात. दहा वर्षांखालच्या पोराला नेऊ नका, जिने अरुंद आणि विषय जड.

बकऱ्या. हो, वेगळा परिच्छेद. ॲमस्टरडॅमच्या आणि आमच्या ॲमस्टेलव्हेनच्या सीमेवर एक मोठं जंगल आहे, माणसांनी लावलेलं, १९३० च्या दशकातल्या मंदीत बेकार हातांना काम म्हणून. त्यात रिडामरहुवे नावाचं बकरी फार्म आहे, प्रवेश फुकट, थोड्या पैशात दुधाची बाटली मिळते आणि करडं अक्षरशः पोराच्या हातातून ओढून पितात. मंगळवारी बंद असतं, माझ्या नणंदेला मी मंगळवारीच नेलं होतं, अजून ऐकवते. याच जंगलात क्रिकेटचं मैदान आहे, १९९९ च्या वर्ल्डकपचा एक सामना तिथं झाला होता, बाबा लोकांना तिकडे पाठवून द्या. आमच्याकडे आलेल्या सगळ्या पोरांना परत गेल्यावर काय आवडलं विचारलं, निम्म्यांनी बकऱ्याच सांगितल्या.

पवनचक्क्यांसाठी झान्से स्खान्स जवळ पडतं, ॲमस्टरडॅमहून लोकलने वीसेक मिनिटं, पुढं चालत, वाटेत कोकोच्या फॅक्टरीचा वास येतो. फार गर्दी. वेळ असेल तर किंडरडाइक जास्त छान, १९ चक्क्या पाण्याकाठी, रॉटरडॅमहून वॉटरबसने जाता येतं, म्हणजे जाणं हीच सहल. हिटहोर्न हे कालव्यांचं गाव मात्र लहान पोरं असतील तर सोडा, लांब आहे आणि सगळीकडे पाणी, दिवसभर पोराची कॉलर धरून फिरावं लागतं.

राजाचा दिवस तारखेत बसत असेल तर नक्की धरा. नारंगी टीशर्ट भारतातूनच आणा, इथं आयत्या वेळी महाग. त्या दिवशी इथली पोरं फुटपाथवर चादर अंथरून आपली जुनी खेळणी विकतात, कोणी व्हायोलिन वाजवून पैसे मागतं. तुमच्या पोराला पाच युरोची नाणी द्या आणि घासाघीस करू द्या. ॲमस्टरडॅमच्या मध्यात जाऊ नका, दारू आणि धक्काबुक्की, छोट्या गावात किंवा ॲमस्टरडॅमच्याच फोंडेलपार्क या बागेत जा.

शेवटी किरकोळ पण महत्त्वाचं

नळाचं पाणी प्या, बाटल्या विकत घेऊ नका. स्टेशनवर टॉयलेटला पैसे लागतात, म्हणून म्युझियममधून निघताना "आलेली नाही" म्हणणाऱ्यालाही पाठवायचं. बऱ्याच दुकानांत रोख घेतच नाहीत. पाऊस येणार का ते बाउनराडार ॲपवर दिसतं, इथं छत्री वाऱ्याने उलटी होते, रेनकोटच आणा. पॅनकेक आणि पॉफर्तयेस (छोटे फुगीर पॅनकेक) सगळ्या पोरांना आवडतात, दोन्हीत अंडं असतं. चीज सुफले हा तळलेला चीजचा तुकडा शाकाहारी म्हणून चालतो, फेबो या फास्टफूडच्या दुकानाच्या भिंतीतल्या खणातून नाणं किंवा कार्ड लावून काढायचा, पोरांना खाण्यापेक्षा खण उघडण्यातच मजा. काटेकोर शाकाहारी असाल तर चीजमध्ये प्राण्यांच्या पोटातून काढलेलं रेनेट, म्हणजे दूध फाडायचं द्रव्य, असू शकतं, पाकीट बघा.

स्ट्रूपवाफल, म्हणजे आत पाक भरलेली पातळ गोल वाफल, घरी न्यायची तर साध्या सुपरमार्केटमधून घ्या, विमानतळावर तीच वस्तू कितीतरी महाग पडते. खायची कशी ते पण सांगते, गरम चहाच्या कपावर झाकणासारखी ठेवायची, दोन मिनिटांत आतला पाक मऊ होतो. कटिंगच्या ग्लासावर मात्र बसत नाही, आत पडते.